सातबाऱ्यावर भावनेची नोंद नसते

आज फवारणीचं लिहीत नाही. मागच्या पावसात ओढ्याकाठची पाऊण एकर तूर गेली, त्यावरून लिहितोय.

मुळाशी दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं की तूर तग धरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण पाणी तुंबलं का? चार वर्षांपूर्वी ओढ्याच्या पात्रात एक ओटा झाला. मग त्यावर पत्रे आले, मग सभामंडप. पात्र निम्मंच उरलं. देव माझाच आहे, वर्गणीही मी दिलीय. परवानगीचं तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर धर्मबुडवा ठरला असता.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. सात-आठ मुसलमान घरांनी स्वतःच्या मालकीच्या जागेत, रीतसर अर्ज करून, नमाजासाठी एक खोली बांधायची म्हटलं. ग्रामसभेत गोंधळ झाला. म्हणे, गावाच्या भावना दुखावतील. हरकतीच्या कागदावर माझीही सही आहे. आज तिची लाज वाटते. सरकारी ओढ्यात आमचं चाललं, नि स्वतःच्या जागेत त्यांचं चाललं नाही. हा कुठला न्याय?

घटनेच्या कलम 25 नं धर्म पाळायचा हक्क सगळ्यांना दिलाय. त्याला मर्यादा आहेत त्या सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या. शेजाऱ्याला आवडत नाही, ही मर्यादा त्यात नाही. दुसरीकडे, रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांवर कुठल्याच धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असा निकाल 28 जानेवारी 2011 ला आला. म्हणजे कायदा जागा कुणाची ते बघतो, देव कुणाचा ते नाही.

कुणी म्हणेल, "दादा, गावात भांडण पेटलं तर?" भीती खोटी नाही. पण भांडणाची धमकी देणाऱ्याचंच ऐकायचं, तर उद्या ज्याच्या हातात काठी त्याचा सातबारा. हरकत घ्यायची तर मोजता येईल अशी घ्या. रस्ता अडतो का? पाणी तुंबतं का? रात्री 10 नंतर भोंगा वाजतो का? आणि हे प्रश्न मंदिर, मशीद, विहार, चर्च सगळ्यांना सारखेच विचारा. एकाला नियम नि दुसऱ्याला नमस्कार, असं नको.

गायरानाचंही तेच. गुरं चारायला जागा उरली नाही म्हणून आपण ओरडतो, आणि तिथंच कुणी झेंडा रोवला की हात जोडून गप्प बसतो.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. येत्या ग्रामसभेत हरकतीवरची सही लेखी मागे घेणार. ओढ्याची मोजणी मागणार. आणि पात्रातला देव हलवायला माझ्या वरच्या रानातले दोन गुंठे द्यायला तयार आहे, रीतसर कागद करून. देवाला पुरात ठेवणं ही कसली भक्ती?

शिव्या द्यायच्या तर द्या. पण त्याआधी एकदा गाव नकाशा उघडून ओढा कुठून जातो ते बघा.