सृष्टिकौतुक : फिलिपाइन्सचा गरुड

गरुड म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें श्रीविष्णूचें वाहन उभें राहतें. या महिन्यांत ज्याची ओळख आम्ही करून देणार आहों, तो गरुड मात्र फिलिपाइन्सच्या पर्जन्यारण्यांतला आहे. लूझॉन, समार, लेयटे व मिंडानाओ या चार बेटांखेरीज तो अन्यत्र कोठेंहि रानांत आढळत नाहीं.

चोंचीपासून शेपटीपर्यंत हा सुमारें एक मीटर भरतो, व पसरलेले पंख दोन मीटरांच्या आसपास. पाठ तपकिरी, पोट पांढरें, डोळे निळसर करडे. आणि मस्तकावर लांब पिसांचा तुरा, तो चवताळला म्हणजे आयाळीसारखा उभारतो. १८९६ सालीं जॉन व्हाइटहेड या इंग्रज संशोधकास तो समार बेटांत मिळाला. हा माकडें खातो असें तेथील लोकांनीं सांगितलें, तेवढ्यावरून त्यास 'वानरभक्षक' हें नांव चिकटलें! वस्तुतः झाडांवरून तरंगत जाणारे कोलुगो, उदमांजरें, साप, घोरपडी, धनेश, सारेंच त्यास चालतें. १९७८ सालीं सरकारी जाहीरनाम्यानें तें नांव बदलून 'फिलिपाइन गरुड' असें केलें, व १९९५ सालीं त्यास राष्ट्रीय पक्षी ठरविलें. नांव सुधारलें हें योग्यच झालें. परंतु रानच तुटत चाललें, तर नुसत्या मानानें पक्ष्याचें पोट कसें भरावें?

मादी साधारणतः दोन वर्षांत एकच अंडें घालते. तें सुमारें दोन महिने उबवावें लागतें. पिलूं चार-पांच महिन्यांचें झालें म्हणजे घरट्याबाहेर पडतें, तरी पुढें वर्षभर तें आईबापांच्याच जिवावर असतें. (एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये.) म्हणूनच एक पक्षी गोळीस बळी पडला, कीं ती उणीव भरून निघण्यास कित्येक वर्षें लागतात. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत रानांतील जोडपीं सुमारें ३९२ असावींत असा अंदाज आहे.

मिंडानाओवरील दावाओ येथें १९९२ सालीं, कृत्रिम रेतनाच्या साह्यानें, माणसांच्या देखरेखीखालीं पहिलें पिलूं जन्मलें. त्याचें नांव 'पाग-आसा', म्हणजे आशा. असाच वाढविलेला 'काबायान' २००४ सालीं रानांत सोडला. पुढच्याच वर्षीं तो विजेच्या खांबावर बसला आणि धक्क्यानें मेला. पाग-आसा २०२१ पर्यंत जगला. २०१३ सालीं त्यास अपत्य झालें; त्याचें नांव 'माबुहाय' ठेवलें, म्हणजे चिरंजीव हो.