कोकणच्या नावे आणखी किती सह्या?

चिंतामणराव देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत वारले. गांधीजयंतीच्या हारतुऱ्यांत दुसऱ्या कोणाची पुण्यतिथी आठवायला सवड कुणाला असते? महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला, सहा वर्षे देशाची तिजोरी सांभाळलेला हा माणूस १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभा राहिला आणि तिसरा आला. आज त्यांची आठवण निघालीच तर ‘मुंबईसाठी अर्थमंत्रिपदावर लाथ मारणारे सी. डी.’ एवढीच निघते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जे आपण विसरलो त्याची किंमत गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलने मोजली. आता तीच किंमत राजापूरकडून वसूल होण्याची लक्षणे दिसत आहेत, म्हणून हे जुने प्रकरण उकरून काढणे भाग आहे.

आधी त्या पराभवाबद्दल. डॉ. झाकीर हुसेन ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच गेले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, इंदिरा गांधींच्या मनात व्ही. व्ही. गिरी होते, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना पुढे केले होते. १६ ऑगस्टच्या मतदानात पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ असे मिळाले. विजयाचा कोटा कोणालाच गाठता आला नाही. देशमुख बाद झाले, इतर उमेदवारांबरोबर त्यांचीही दुसऱ्या पसंतीची मते वाटली गेली आणि गिरी अवघ्या १४,६५० च्या फरकाने राष्ट्रपती झाले. काँग्रेसच्या फुटीची कहाणी सांगणाऱ्यांना या निवडणुकीतले देशमुख तळटिपेपुरतेच लागतात.

उमेदवारीची छावणी चुकली होती असे आमचे मत आहे. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती देशमुखांच्या कारकिर्दीत, आणि १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकमाने आयुर्विमा सरकारच्या ताब्यात आणला तोही त्यांनीच. अशा माणसाने राष्ट्रीयीकरणाला शिव्या घालणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे राहावे, हे जमणारे नव्हते. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, जमाव नव्हता, आणि भाषण करून जमाव गोळा करण्याची कलाही नव्हती. पण त्या ऑगस्टमध्ये दिल्लीत जो तो अंतरात्म्याच्या आवाजाला स्मरून मत देण्याची भाषा करत होता, आणि त्या आवाजापायी प्रत्यक्ष काही गमावलेला एकच उमेदवार रिंगणात होता. तो तिसरा आला.

त्याने काय गमावले होते, आणि कशासाठी? १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते आणि कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आलेले होते. त्यांनी राजीनामा पुढे केला. तो अखेर जुलैमध्ये मार्गी लागला आणि लोकसभेत त्यांनी निवेदन केले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणे अन्यायाचे आहे हे त्यात होतेच. मात्र आणखी दोन तक्रारी होत्या. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर विचारासाठी न येताच जाहीर होतो, ही पहिली. पोलिसांनी लोकांवर गोळ्या चालवल्या त्याची न्यायालयीन चौकशी सरकार करत नाही, ही दुसरी. नेहरूंना हे आरोप मान्य नव्हते. पण तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती, तो मंत्री भर सभागृहात सांगत होता की निर्णय कसा झाला हे, काय निर्णय झाला याइतकेच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्राने त्यातली मुंबई उचलली. १ मे १९६० रोजी ती मिळाली, आणि हिशेब पुरा झाला असे सगळ्यांनी धरून चालले. उरलेल्या दोन तक्रारींचा वारसा सांगायला कोणी पुढे आले नाही.

आता अंजनवेल. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोरच्या तीरावरचे हे गाव. गोपाळगड, दीपगृह, टाळकेश्वर, खाली मच्छीमारांचे वेलदूर. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पाला नाव मिळाले खाडीपलीकडच्या दाभोळचे, जमीन गेली अंजनवेल, वेलदूर, रानवी या बाजूची. २० जून १९९२ रोजी एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. जागतिक बँकेने १९९३ च्या एप्रिलमध्ये स्पष्ट कळवले की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, आम्ही पैसे देणार नाही. त्याच वर्षी ८ डिसेंबरला राज्य वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. वीज उचला वा न उचला, क्षमतेचा आकार द्यायचाच, आणि तो डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारने भरायचे, राज्याने हात वर केले तर केंद्राने. केंद्राची ही प्रतिहमी १९९४ च्या सप्टेंबरमध्ये झाली. गावात कुणाच्या कर्जाला जामीन राहायचे तर माणूस घरात चारदा विचारतो, बायको एकदा तरी नको म्हणते. येथे अख्खे राज्य जामीन राहिले आणि विधिमंडळाला करार वाचायलाही मिळाला नाही.

हे पाप एका पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. करार काँग्रेसच्या राज्यात झाला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत १९९५ मध्ये युती सत्तेवर आली, ऑगस्टमध्ये तिने करार रद्द केला, आणि पुढच्या काही महिन्यांत वाटाघाटी करून मोठ्या आकाराचा करार घरी आणला: पहिला टप्पा ७४० मेगावॉट, दुसरा मिळून २,१८४ मेगावॉट. मग आले ते तेरा दिवसांचे सरकार. १९९६ च्या मे महिन्यात लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू होती, बहुमत नाही हे सर्वांना ठाऊक होते, वाजपेयींचा राजीनामा काही तासांवर होता. आणि त्या तासांत मंत्रिमंडळाने वेळ काढला तो नव्या कराराच्या प्रतिहमीला मंजुरी देण्यासाठी. सभागृहाचा विश्वास न मिळालेल्या सरकारने कोट्यवधी डॉलरचा जामीनकी कागद मंजूर केला. कोणत्याही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. अर्थात दिला असता तरी तो काही तासांचाच त्याग ठरला असता!

देशमुखांची दुसरी तक्रार वेलदूरला आठवावी. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस कोळीवाड्यात शिरले, दारे तोडली, झोपेतल्या बायकांना ओढून लाठ्यांनी मारले आणि गाडीत घातले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्युमन राइट्स वॉच या संस्थांनी तिथल्या दडपशाहीवर अहवाल लिहिले, ते जगभर वाचले गेले. मुंबईतल्या मंत्रालयात ते कुणी वाचल्याचे दिसले नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, पुढे दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला, मंडळाचे कंबरडे मोडले, २००१ च्या मध्यावर प्रकल्प बंद पडला, आणि त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोर निघाली. सुमारे २९० कोटी डॉलरची यंत्रे अंजनवेलच्या कातळावर गंजत उभी राहिली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली. म्हणजे परदेशी कंपनीचा खड्डा सरकारी कंपन्यांच्या आणि सरकारी बँकांच्या पैशाने भरला. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि संच पुन्हा थंडावले. वीज नसताना वीजप्रकल्पाशेजारी राहणे काय असते, हे त्या गावांना विचारावे.

आणि चौकशी? माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. गोडबोले हे स्वतः केंद्रीय गृहसचिवपद मुदतीआधी सोडून बाहेर पडलेले अधिकारी. व्यवहाराची न्यायालयीन चौकशी व्हावी असे त्यांचे मत होते. त्या वर्षअखेर निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. कुर्डूकर यांचा आयोग नेमलाही गेला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि आयोगाचे काम थांबले. राज्य सरकारच्या दोषापुरती मर्यादित राहिलेली सीटू या कामगार संघटनेची याचिका तेवढी न्यायालयात शिल्लक होती. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही निकालात काढली, कारण इतक्या वर्षांनी आता त्यात शिरण्यात अर्थ राहिला नव्हता. देशातला तोवरचा सर्वांत मोठा परकीय गुंतवणुकीचा करार, आणि त्यात चुकले कोण याचे उत्तर कोणत्याही अधिकृत कागदावर नाही.

या देशाला चौकशी करताच येत नाही असे मात्र नाही. देशमुखांनी उभ्या केलेल्या आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत गुंतवले गेले, तेव्हा १९५८ च्या जानेवारीत न्यायमूर्ती छागला यांना नेमले. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. बाहेर जमलेल्यांना ऐकू जावे म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिनाभरात अहवाल आला, आणि देशमुखांच्या जागी आलेले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारीत घरी जावे लागले. महिनाभर! पुढच्याच वर्षी मद्रासमधल्या एका भाषणात देशमुखांनी मागणी केली की मंत्र्यांवरच्या आरोपांची तपासणी करायला कायमचे, निःपक्षपाती न्यायाधिकरण हवे. ते नेमत असाल तर आपण स्वतः प्रकरणे पुढे ठेवू. नेहरूंनी ते मानले नाही. लोकपालाचा कायदा व्हायला पुढे अर्धे शतक उलटून गेले, आणि पहिला लोकपाल नेमला गेला तो २०१९ मध्ये, अंजनवेलची फाइल न्यायालयात बंद झाली त्याच सुमारास.

हे सारे आज का, तर राजापूरमुळे. २०१८ च्या जूनमध्ये सौदी अराम्को आणि अबूधाबीच्या तेल कंपनीबरोबर रिफायनरीचा सामंजस्य करार झाला, ४४ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला गेला. त्यासाठी निवडलेल्या नाणारच्या जागेची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. २०२२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. सत्ता गेल्यावर त्यांचाच पक्ष विरोधात उभा राहिला. सुचवले तेव्हा तिथल्या ग्रामसभांना विचारले होते का, हे आजही कुणी सांगत नाही. २०२३ च्या एप्रिलअखेर माती परीक्षणासाठी आधी पोलीस आले, अश्रुधूर आणि लाठ्या झाल्या, सड्यावर बायका उन्हात आडव्या पडल्या. एन्रॉनचा क्रम याहून वेगळा नव्हता: आधी सही, मग बंदोबस्त, आणि आकडे मागितले की व्यापारी गोपनीयता.

रिफायनरी यावी की न यावी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. कोकणातली पोरे मुंबईला जातात आणि गावात म्हातारी माणसे व कुलपे उरतात, हे आम्हालाही दिसते; प्रत्येक कारखान्याला नको म्हणणाऱ्यांचे सगळेच आम्हाला पटत नाही. पण सरकार कशाकशाला जामीन राहणार आहे, पाणी, जमीन आणि वीज कोणत्या दराने देण्याचे कबूल केले आहे, कंपनी बुडाली तर नुकसान कोणाच्या खात्यात जाणार आहे, हे सही होण्यापूर्वी छापील स्वरूपात दिसल्याशिवाय मत बनवायचे कशावर? राज्यघटनेच्या कलम २९३ मध्ये राज्याने किती हमी द्यावी याची मर्यादा कायद्याने ठरवण्याची सोय विधिमंडळासाठी ठेवलेली आहे. ती सोय वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

कोकणातले आमदार सर्व पक्षांत आहेत, काही मंत्री आहेत. येत्या नागपूर अधिवेशनात त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात. कुर्डूकर आयोगापुढे आलेले कागद आणि एन्रॉनच्या मूळ करारांच्या सर्व प्रती सभागृहाच्या पटलावर ठेवाव्यात. बारसूसंबंधी राज्याने आजवर लिहिलेले प्रत्येक पत्र आणि दिलेले प्रत्येक आश्वासन जाहीर करावे. आणि एखाद्या प्रकल्पाला ठरावीक रकमेपुढे हमी द्यायची झाली तर तिच्यावर विधानसभेत मतदान झालेच पाहिजे, असा कायदा करावा. मंत्रिमंडळ हे नाकारत असेल, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या मंत्र्यांनी आपण त्या मंत्रिमंडळात का राहतो, याचे निवेदन त्याच सभागृहात करावे.