रानडुक्कर आणि छर्रे

उसात शिरलेल्या रानडुकरावर छर्ऱ्यांचा बार उडविणे हे पीकसंरक्षण नव्हे. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कवच असते. छर्रे त्यातच अडकतात आणि चिडलेले जनावर दुसऱ्या दिवशी खुरपणीस आलेल्या स्त्रियांवर उलटण्याचे भय राहते. मोठ्या रायफलीची हलकी, लवकर पसरणारी गोळीही पुष्कळदा वरच फुटते. जड, आकार टिकवून खोल जाणारी गोळीच योग्य. १२ बोअर बंदुकीत नळीस मानवणारी एकच अखंड गोळी, तीही जवळूनच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ अन्वये लेखी परवानगी लागतेच. परंतु परवानगी मिळाली म्हणजे कोणतेही काडतूस चालते, ही समजूत घातक होय. जखमी डुक्कर फडात शिरल्यास ग्रामसेवकाने वनरक्षकास तत्काळ कळवावे व तोवर मजुरांस आत उतरू देऊ नये.