समानार्थी म्हणविणारे शब्द

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'समानार्थी शब्द द्या' हा हमखास गुणांचा प्रश्न समजला जातो. जोड्या पाठ कराव्यात, गुण घ्यावेत आणि विसरून जावे, अशी आपली रीत. परंतु एकाच अर्थाचे वाटणारे दोन शब्द व्यवहारात किती दूर जातात, हे पाहावयाचे असेल तर भिवंडीजवळच्या पूर्णा गावी जावे.

पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. एकाच जागेला कोणी 'गोडाऊन' म्हणतो, तर पाटीवर 'वेअरहाऊस' लिहिलेले असते. 'गोडाऊन' हा शब्द आशियातील व्यापाराने इंग्रजीस दिला. मलाय भाषेतील 'गुदांग'शी त्याचे नाते सांगतात. 'वेअरहाऊस' अस्सल इंग्रजी, म्हणजे मालाचे घर. या जोडीत फरक आहे तो मुख्यतः कुळाचा. त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही.

खरा धोका आहे तो 'लीज' आणि 'लायसन्स' या जोडीत. आपण दोन्हींना 'जागा भाड्याने दिली' एवढेच म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार 'लीज' म्हणजे भाडेपट्टा; त्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातील 'लायसन्स' ही केवळ परवानगी. तिने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकाने गोदाम विकले तर नवा मालक लीजला बांधलेला राहतो, लायसन्सला नाही. 'लीव्ह अँड लायसन्स' यातील 'लीव्ह'चा अर्थ तर रजा किंवा सोडून जाणे असा नाही. तेथे त्याचा अर्थ अनुमती.

हा शब्दच्छल नव्हे. 1973 साली मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचे लायसन्स चालू होते ते लायसन्सदार भाडेकरू मानले गेले. एका शब्दाच्या जागी दुसरा आला आणि अनेकांच्या डोक्यावरचे छप्पर पक्के झाले. तत्पूर्वी 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका हॉटेलातील जागेच्या वादात सांगितले होते की, कागदाला नाव काय दिले यापेक्षा उभयपक्षांचा हेतू काय होता, हे पाहिले पाहिजे. म्हणजे नुसता शब्द ठाऊक असूनही भागत नाही. त्यामागचा व्यवहार कळला पाहिजे.

कोणी म्हणेल, हे वकिलांचे काम, कलाशाखेच्या विद्यार्थ्यास त्याचे काय? पण आपल्याकडे वकील बहुधा तंटा उभा राहिल्यावर आठवतो, आणि सही त्याआधीच झालेली असते. ज्या घरांची भातशेती गोदामाखाली गेली, तेथे आता तो कागद हीच शेती. आणि तो वाचावयास घरात इंग्रजी शिकलेले माणूस म्हणजे बहुधा महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा मुलगा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, इंग्रजीच्या तासाला अशा जोड्या कागदासकट शिकवाव्यात. 'रेंट' आणि 'लायसन्स फी', 'ओनर' आणि 'ऑक्युपायर', 'नोटीस' आणि 'इन्फर्मेशन' यांतला भेद विद्यार्थ्याने मराठीत समजावून सांगावा. ज्याला तो वडीलधाऱ्यांना सांगता येईल, त्याचे इंग्रजी कामाचे. बाकीच्यांची जोड्या जुळविण्याची परीक्षा मार्चमध्ये संपते. करारनाम्याची मुदत पुढे पाच-पाच वर्षे चालू असते.