खर्ऱ्याच्या कर्करोगाचा जनुकीय माहितीसाठा नागपुरात उभारावा : मागणीपत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र शासन



आमच्या संघटनेत नागपुरातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ, संशोधक विद्यार्थी आणि तोंडाच्या कर्करोगातून बरे झालेले रुग्ण आहेत. मुख्य मागणी एकच : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल) आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय येथे शस्त्रक्रियेत निघणाऱ्या तोंडाच्या गाठीचा छोटा तुकडा, रुग्णाच्या संमतीने, अर्ध्या तासाच्या आत गोठवून जपण्याची व्यवस्था व्हावी.

रूढ पद्धतीत गाठ फॉर्मालिनमध्ये जाते, मग मेणाच्या ठोकळ्यात. निदानाला ते पुरते. पण जनुक चालू होते की बंद, हे सांगणारा आरएनए त्यात तुटतो. डीएनए ज्यात गुंडाळलेला असतो त्या क्रोमॅटिनचा कोणता भाग उघडा होता तेही नीट वाचता येत नाही. पेशीत बिघाड कुठे झाला हे डीएनएच्या क्रमावरून कळते, त्या बिघाडाने पुढे काय घडवले हे कळत नाही. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांच्या सहभागाने गालफड-हिरडीच्या कर्करोगाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारंवार बिघडलेली आढळलेली एमएलएल4 आणि एआरआयडी2 ही जनुके क्रोमॅटिनचीच मांडणी सांभाळतात. माग तिथपर्यंत लागला आहे. पुढे जायला गोठवलेल्या ऊती हव्यात.

अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने 33 प्रकारच्या कर्करोगांतील अकरा हजारांवर रुग्णांचे नमुने तपासले. 2018 मध्ये त्यांतल्याच 410 गाठींच्या क्रोमॅटिनचे नकाशे आले. त्या नोंदींत सिगारेट आहे, दारू आहे. पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, म्हणजे आपला खर्रा, तिथे कुठून येणार? सुपारी तंबाखूशिवायही कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये मान्य केले आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत खर्रा कोणत्या वयात सुरू झाला, दिवसाला किती, कोणत्या गालात धरला जाई आणि तोंड किती बोटे उघडते, हे लिहिलेच पाहिजे. एवढे नसेल तर महागडी जनुकीय माहितीही निम्मीच उपयोगाची.

कृपया जनुकीय क्रम वाचणारा सिक्वेन्सर विकत घेऊन फीत कापू नका. वाचन आधीपासून चालू असलेल्या केंद्रांतून करून घेता येईल. निधी उणे 80 अंशांच्या फ्रीझरला, द्रवरूप नायट्रोजनला, मे महिन्यात वीज गेली तरी चालणाऱ्या जनरेटरला आणि दोन कायम तंत्रज्ञांना द्या. कंत्राटी माणूस सोडून गेला की नमुन्यांची ओळखच हरवते. पहिल्या टप्प्यात दोनशे रुग्ण पुरेत, मात्र गाठीशेजारच्या निरोगी ऊतीसह. नागपूरच्या कर्करोग नोंदणीशी सांकेतिक क्रमांकाने जोड दिल्यास रुग्णांचे पुढे काय झाले तेही कळेल.

मूळ माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात नियंत्रित स्वरूपात ठेवावी. गाव आणि जमात नोंदवू नये. छोट्या पाड्यात वय सांगितले तरी माणूस ओळखू येतो. संमतिपत्र मराठी-हिंदीत असावे, गोंडी भाषकांना ते ऐकवावे, आणि संमती कधीही मागे घेता यावी. औषध कंपन्यांना प्रवेश देताना शुल्क घ्यावे व ते त्याच रुग्णालयांच्या उपचार निधीत जमा करावे. माहिती वापरण्याच्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीत दोन रुग्ण प्रतिनिधी असावेत, तेही मताधिकारासह.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असाल तेव्हा दोन्ही रुग्णालयांच्या अधिष्ठाता व संचालकांसह आम्हाला बैठकीची वेळ द्यावी. फ्रीझर, जनरेटर आणि पदांचा तपशीलवार अंदाज आम्ही सोबत आणू.