खेळाडू आपला, साधन कोणाचे?

खेळ आणि अभ्यास एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत आपल्या पालकवर्गात आजही दृढ आहे. अभियांत्रिकीला जाणाऱ्याने मैदान सोडावे आणि मैदानावरच्याने अभियांत्रिकीची आशा सोडावी, असे गृहीत धरले जाते. ही विभागणी आता कालबाह्य झाली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्हॅन फिलिप्स या अमेरिकी तरुणाने १९७६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, अपघातात एक पाय गमावला. मिळालेल्या कृत्रिम पायाने धावता येईना, म्हणून त्याने त्याच शास्त्राचा अभ्यास केला आणि चित्त्याच्या मागच्या पायाच्या आकारावरून कार्बन तंतूंचे लवचीक पाते घडविले. भार पडताच ते वाकते, ऊर्जा साठविते आणि पाऊल उचलताना ती परत देते. पॅरालिम्पिकमधील धावपटूंची पाती हे त्याच विचाराचे फलित होय.

मात्र तंत्रज्ञान आपोआप समतेच्या बाजूने उभे राहत नाही. पाण्याचा विरोध कमी करणारे विशेष जलतरण-पोशाख आले आणि २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. कस जलतरणपटूचा की पोशाखाचा, हा प्रश्न उभा राहिला आणि २०१० पासून अशा पोशाखांवर बंदी आली.

इतिहासाच्या अभ्यासकांना येथे बाळू पालवणकर आठवावेत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यावर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता घडला. बॅट मात्र साहेबांच्याच हाती राहिली. आज मैदाने पुष्कळशी खुली झाली आहेत. पण बूट, पाती आणि संवेदक यांची रचना जेथे होते, त्या प्रयोगशाळांत आपली मुले किती?

ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात या विषयाचे शिक्षण मिळते. आयआयटी मद्रासमध्येही क्रीडाविज्ञान व विश्लेषणाचे केंद्र आहे. परंतु पाया येथेच घालावा लागेल. बल, गती, ऊर्जा ही प्रकरणे परीक्षेपुरती पाठ न करता धावपट्टीवर मोजून पाहावीत. पुढे यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखा निवडावी. अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एखादा रविवार त्यासाठी शाळेच्या मैदानाला द्यावा. पालकांनीही धावणाऱ्या मुलाच्या हातचे विज्ञानाचे पुस्तक काढून घेऊ नये आणि पुस्तक वाचणाऱ्याला मैदानावरून घरी बोलावू नये. आपल्या मुलांनी पदके जिंकावीतच. पण ज्या साधनांनी पदके जिंकली जातात, तीही त्यांनीच घडवावीत.