अडथळा की अडसर?

ऑब्स्टॅकल, हर्डल, बॅरिअर, इम्पेडिमेंट... चारही शब्दांना सरसकट 'अडथळा' म्हणून आपण मोकळे होतो. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा तर मराठी शब्दसाठा तिथेच संपतो!

ऑब्स्टॅकल म्हणजे वाटेत नुसतं उभं असलेलं काहीतरी. लॅटिनमध्ये मूळ अर्थच 'समोर उभं राहणं'. आमच्या वाकोल्याला हे वेगळं सांगायला नको. शेजारी विमानतळ, म्हणून इमारतींच्या उंचीवर मर्यादा. विमानाच्या हिशेबी उंच बिल्डिंग हे ऑब्स्टॅकल. तिच्या मनात काही वाईट नसतं बिचारीच्या.

इम्पेडिमेंटच्या मुळाशी पाय आहे. पाय अडकवणं! आणि गंमत बघा, मराठीत याला तंतोतंत शब्द आहे : खोडा. कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. आपल्या सर्किटमधला इम्पेडन्स याच घराण्यातला. १८८६ मध्ये ऑलिव्हर हेविसाइडने तो शब्द दिला. करंट थांबत नाही, पण हवा तेवढा वाहतही नाही.

बॅरिअरमध्ये 'बार' आहे, म्हणजे आपला अडसर. दाराला आतून लावायचा आडवा दांडा. तो आपोआप पडत नाही, आतल्या माणसाने लावलेला असतो.

राहिलं हर्डल. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत दहा हर्डल्स असतात, प्रत्येक १०६.७ सेंटीमीटर उंच, आणि प्रत्येक लेनमध्ये सारखेच.

आता मुद्द्यावर येऊ. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना फर्स्ट इयरला हमखास ऐकवलं जातं, "इंग्रजी हे एक हर्डल आहे, मारा उडी!" मला हे पटत नाही. माझ्या लेनमध्ये ते हर्डल नव्हतंच. एम-थ्री हे हर्डल, ते सगळ्यांना सारखंच छळतं. लेक्चरमध्ये इंग्रजी हा खोडा असतो : मुलगा धावतो, पण मागे पडतो. आणि व्हायवात तोच अडसर होतो. उत्तर डोक्यात तयार, पण तोंडातून वाक्य निघत नाही, आणि समोरचे सर पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

काहीजण तरीही पहिले येतात, मान्य. पण खोड्यासकट धावणाऱ्याचं कौतुक करताना खोडा कुणी घातला, हे कुणी विचारत नाही.

एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. म्हणजे हा अडसर काढता येतो, हे वरच्यांनाही ठाऊक आहे. पूर्ण डिग्री मराठीतून घ्यावी का, यावर वाद होऊ शकतो. कॅम्पस इंटरव्ह्यूचं दार वेगळंच आहे. पण व्हायवासाठी नवा कोर्स कशाला हवा? टर्म्स इंग्रजीत राहू देत. सरांनी सुरुवातीलाच "मराठीत सांगितलंस तरी चालेल" एवढं म्हटलं तरी पुरे. येत्या ओरल्सपासून करून बघायला काय हरकत आहे?